विदूषकाचा अर्ज

निवडणूक ही गंभीर गोष्ट आहे, हे सर्वांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने शिकवले असेल. मला ते आप्पांनी शिकवले. आप्पा यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई विड्या वळते आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. रोज बुडाला तरी चालेल, पण मत बुडवायचे नाही, हा आप्पांचा शिरस्ता. ७ मे २०२४ रोजी सोलापुरात लोकसभेचे मतदान झाले. माझे नाव अजून यादीत नव्हते, तरी मी आईबरोबर केंद्रापर्यंत गेले आणि रांगेबाहेर उन्हात उभी राहिले.

त्याच महिन्यात वाराणसीची बातमी आली. राजस्थानचे नकलाकार श्याम रंगीला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या आवाजाची नक्कल करण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांनी मोदींच्याच विरुद्ध अपक्ष म्हणून उभे राहण्याचे ठरवले. सुरतेत एक उमेदवार बिनविरोध निवडून आला होता. तसे इथे होऊ नये, मतदाराला निवडायला कुणीतरी असावे, असे त्यांचे सांगणे. १४ मे रोजी त्यांनी अर्ज भरला आणि १५ मे रोजी छाननीत तो बाद झाला. कारण, उमेदवाराने घ्यायची शपथ राहिली होती.

आप्पा म्हणाले, "बरं झालं की! चार हुतात्म्यांचं गाव आहे आपलं. ती चौघं १९३१ साली फासावर गेली, ती काय नकलाकारानं गंमत करावी म्हणून?"

आप्पांच्या या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. तरीही मला वाटते, विनोद म्हणजे टवाळी नव्हे. संस्कृत नाटकातला विदूषकसुद्धा राजाला चार खऱ्या गोष्टी ऐकवतो. आपल्या महाराष्ट्रात तर आचार्य अत्र्यांचे उदाहरण आहे. 'मी उभा आहे' नावाचे विनोदी नाटक लिहिणारे अत्रे १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, दादरमधून स्वतःच उभे राहिले आणि विधानसभेत गेले. त्यांच्या हशाने लोकशाही बुडाली नाही. उलट सभागृहाला कान टवकारावे लागले.

कुणी म्हणेल, अत्रे जिंकण्यासाठी उभे होते. नुसते काहीतरी दाखवून देण्यासाठी अर्ज भरावा काय? १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष जावे म्हणून मराठी माणसांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. ते विनोदी नट नव्हते, पण त्यांनाही निवडून यायचे नव्हते, आपले म्हणणे ऐकवायचे होते. त्याच वर्षी देशात कायदा बदलला. लोकसभेची ५०० रुपयांची अनामत १०,००० झाली. आज ती २५,००० आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. हौशी उमेदवारांची गर्दी नको हे खरे. पण दार अरुंद केले की गर्दीबरोबर गरीबही बाहेरच राहतो.

आता अर्जाविषयी. गेल्या वर्षी माझा शिष्यवृत्तीचा अर्ज एका कचेरीतून परत आला. दोन सह्यांच्या जागी एकच होती. आप्पा खाडा करून माझ्याबरोबर आले होते. खिडकीतले गृहस्थ चुकीचे बोलले नाहीत, नियम तसाच होता. पण पहिल्या खेपेला आम्ही तिथेच उभे असताना त्यांनी ते सांगितले नव्हते.

म्हणून मी आप्पांना बातमी पुन्हा वाचून दाखवली. शपथ छाननीच्या दिवसापूर्वी घ्यावी लागते. अर्ज शेवटच्या दिवशी भरला तर हाती काही तासच उरतात. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पक्षवाल्याच्या मागं वकील असतो. ह्याच्या मागं कोण होतं गं?"

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. नियम मोडून कुणाला आत घ्या, असे मी म्हणत नाही. पण शपथेसारखी उणीव छाननी संपेपर्यंत भरून काढता यावी, एवढी सवलत कायद्याने द्यायला काय हरकत आहे? मग रंगीलांना किती मते द्यायची, की एकही द्यायचे नाही, हे वाराणसीच्या मतदारांनी ठरवले असते. अनामत जप्त झाली असती, तर तो लोकांचा निकाल ठरला असता.

आता माझे नाव यादीत आले आहे. पहिले मत मी एखाद्या विदूषकाला देईनच असे नाही. परंतु तो यादीत असावा आणि त्याला नाकारण्याचा अधिकार माझ्या बोटाला असावा, खिडकीला नसावा.