पाय हलत नसले, तरी व्यायाम हवाच

कोकणातल्या एका भगिनीने लिहिलं आहे, "यजमान झाडावरून पडले, मज्जारज्जूला इजा झाली. दीड वर्ष झालं, कमरेखाली ताकद नाही. मी दोन्ही वेळा त्यांचे पाय हलवून देते. रक्ताभिसरणाला एवढं पुरतं ना?"

प्रश्न मोलाचा आहे. अशा घरात पाठीच्या जखमांची आणि लघवीची काळजी सगळेच घेतात. रक्तवाहिन्यांची आठवण मात्र सहसा होत नाही. खरं तर अशा रुग्णांना पुढे हृदयविकाराचाही मोठा धोका असतो.

रक्तवाहिनी म्हणजे काही नळाचा पाइप नव्हे. रक्त जोराने वाहू लागलं की तिच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि ती सैलावते. स्नायूच काम करेनासे झाले की त्यांना रक्त कमी लागतं, मग धमनी आकसते. वापरात नसलेली पायवाट गवताने बुजते ना, तसंच हे. इजेनंतर पहिल्या काही आठवड्यांतच मांडीची मुख्य धमनी अरुंद होते. हे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांपर्यंत जातं.

आता तुमच्या पाय हलवण्याबद्दल. ते चालूच ठेवा, त्याने सांधे आखडत नाहीत. पण आपण पाय हलवला तरी स्नायू स्वतः काम करत नाही. म्हणून धमनीला त्याचा फायदा थोडाच. सौम्य विजेने स्नायू आकुंचित करून सायकल चालवून घेतात, तेव्हा मात्र चार-सहा आठवड्यांत मांडीची धमनी रुंदावते. पण व्यायाम थांबला की हा लाभ आठवड्याभरातच ओसरू लागतो. हा उपाय फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा, कारण पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात.

मग घरी काय करायचं? हातांचा व्यायाम! त्याने पायांच्या धमन्या फारशा रुंदावत नाहीत, पण हृदय, दम आणि रक्तातली साखर यांना नक्की फायदा होतो. 2018 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे दमश्वास वाढवायला आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं दम लागेल असा व्यायाम, शिवाय दोनदा ताकदीचा व्यायाम करावा. हृदयाच्या आरोग्यासाठी आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं हवीत. खुर्ची जोराने ढकलणे, हाताने फिरवायचं पॅडल, रबरी पट्टा, पाण्याने भरलेल्या बाटल्या, यांतलं काहीही चालेल. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागावा. इजा मानेत असेल तर नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत, म्हणून नाडीवर विसंबू नये.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा आणि एवढं लक्षात ठेवा :

• व्यायामाआधी लघवी करून घ्यावी. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, आणि अचानक डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, घाम सुटला, तर रक्तदाब एकदम चढलेला असू शकतो. लगेच थांबा, ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का ते पाहा. आराम पडला नाही, तर ताबडतोब डॉक्टरांना गाठा.

• इजेच्या खाली घाम नीट येत नाही. म्हणून व्यायाम सकाळी, पंख्याखाली करावा. ओला पंचा जवळ ठेवावा.

• एकच पाय सुजला किंवा गरम लागला, तर मुळीच चोळू नये. गुठळीची शंका असते, तेव्हा डॉक्टरांना दाखवावं.

• नंतर बैठकीची आणि टाचांची कातडी पाहावी. संवेदना नसल्याने लालसर डाग त्यांना कळत नाही.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. पुढे 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. प्रत्येकाने पदकच आणायला हवं असं नाही. पण खुर्चीवर बसल्यावरही शरीर सरावाला साथ देतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितोच. त्याच चौकटीत व्यायामाच्या दिवशी एक फुली मारा. दोन चौकटी सलग रिकाम्या दिसल्या, की तिसरी भरायलाच हवी!