ओली भिंत आणि मुलाचा खोकला

हैदराबादेत पूर ओसरला की संकट सरले, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. रस्त्यावरचे पाणी उतरते, गाळ उपसला जातो, ब्लीचिंग पावडरचा वास दोन दिवस रेंगाळतो आणि वर्तमानपत्रांना दुसरा विषय मिळतो. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात मात्र पुराचे दुसरे प्रकरण त्यानंतर काही आठवड्यांनी उघडते. ताप नसलेला, रात्री वाढणारा, दोन-तीनदा प्रतिजैविके देऊनही न हटणारा खोकला घेऊन मुले येऊ लागतात. हवा बदलली, फटाक्यांचा धूर झाला, थंडी पडली, अशी कारणे पालक सांगतात आणि बहुतेक डॉक्टरही ती मान्य करतात. घराच्या भिंतीविषयी कोणी सांगत नाही, कारण तिच्याविषयी कोणी विचारत नाही.

१३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या पावसात बेगमपेठेत चोवीस तासांत सुमारे १९ सेंटीमीटर पाणी पडले. चारच दिवसांनी पुन्हा पावसाने झोडपले, गुर्रम चेरुवूचा बांध फुटला आणि हाफिज बाबानगर पाण्याखाली गेले. टोलीचौकीच्या नदीम कॉलनीतले पाणी तर कित्येक दिवस हलले नाही. त्या वर्षी दसरा होता २५ ऑक्टोबरला आणि दिवाळी १४ नोव्हेंबरला. २०२५ साली पुन्हा तेच. २६-२७ सप्टेंबरला मुसीचे पाणी चादरघाट, मूसारामबाग या भागांत आणि महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. दसरा अवघ्या पाच-सहा दिवसांवर, २ ऑक्टोबरला आला होता. हा योग वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा आहे. सणाच्या तोंडावर काळवंडलेली, पोपडे धरलेली भिंत घरात कोणालाच पाहवत नाही. रंगाऱ्याला बोलावणे जाते. पोपडे खरवडून पुट्टी भरली जाते, वर प्लास्टिक रंगाचे दोन हात बसतात आणि आत अडकलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. तोरण बांधलेल्या त्या खोलीत मूल झोपते.

विटेची नऊ इंची भिंत पाणी पिते ते काही तासांत. सोडते मात्र महिनोन्‌महिने. बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतातच, त्यांना उणीव असते ती फक्त ओलाव्याची. ती भरून निघाली की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कागद, प्लायवूड, कापूस, काथ्या, किंबहुना भिंतीवर साचलेली साधी धूळसुद्धा त्यांना पुरते. भिंतीला टेकवून ठेवलेले लोखंडी कपाट हलवून पाहावे. त्यामागे जे दिसते ते दर्शनी भिंतीवर कधीच दिसत नाही. सुलतान बाजार, काचीगुडा परिसरातील जुन्या घरांचा चुन्याचा गिलावा या बाबतीत अधिक समंजस होता. चुना अल्कधर्मी असल्याने बुरशीला तो मानवत नाही, शिवाय ओल त्यातून बाहेर पडू शकते. जुन्या घरांचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. त्यांची छपरेही भरपूर गळत. गाद्यांची गोष्ट याहून वाईट. सांडपाणी मिसळलेल्या पुरात भिजलेली कापसाची गादी गच्चीवर वाळवून, पिंजून घेऊन पुन्हा अंथरली जाते. काटकसर म्हणून ती शोभते, पण दमेकरी मुलाच्या नाकाखाली ती असू नये.

२०२०च्या त्या पावसाळ्यानंतर आणखी एक गोष्ट घडली होती, तिची नोंद फारशी झाली नाही. करोनामुळे शाळा बंद होत्या. एरवी सहा-सात तास घराबाहेर राहणारी मुले दिवसाचे चोवीस तास त्याच भिंतींच्या सहवासात होती. खोकला आला की घरात एकच भीती उभी राही, चाचणी नकारार्थी आली की सर्वांना हायसे वाटे, आणि मूल मात्र खोकतच राही. पुढे मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ आली, तेलंगण शासनाने तो अधिसूचित आजार ठरवला, कोठीचे कान-नाक-घसा रुग्णालय त्यासाठी मुख्य केंद्र झाले आणि ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. मग स्नानगृहातील काळ्या डागालाही लोक घाबरू लागले. वस्तुतः त्या आजारातील काळेपणा बुरशीचा नव्हे, मृत झालेल्या ऊतींचा. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडांचा अतिवापर ही त्याची मुख्य वाट होती. भीती निराधार ठरल्यावर भिंतीची खरी तक्रारही तिच्याबरोबर हास्यास्पद ठरली, हे त्यातले मोठे नुकसान.

बुरशीविषयी अतिरंजित बोलणे टाळावे, या मताचा मी आहे. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात १९९३-९४ साली काही तान्ह्या बालकांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला. ओल्या घरांतील स्टॅकिबोट्रिस बुरशीवर ठपका आला, मोठा गहजब झाला, आणि २००० साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने फेरतपासणीअंती तो संबंध सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. अनेकांच्या मनात विषय तेथेच संपला. पण त्याच क्लीव्हलंड परिसरातून २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला कितीतरी अधिक मोलाचा वाटतो. बुरशी असलेल्या घरांतील ६२ दमेकरी मुले घेतली. दोन्ही गटांना उपचार व सल्ला मिळाला; एका गटाच्या घरातील गळती व ओल प्रत्यक्ष दुरुस्त केली. दुरुस्तीनंतरच्या काळात त्या गटातील २९ मुलांपैकी एकाला दम्याचा तीव्र झटका आला, तर दुसऱ्या गटातील ३३ पैकी ११ मुलांना. अभ्यास लहान आहे हे मान्य. तरीही औषधाच्या कंपनीने असा आकडा दाखवला असता, तर आपल्या मासिक सभेत त्यावर जेवणासह व्याख्यान झाले असते. ओल आणि खोकला, घरघर, दम्याची लक्षणे यांचा संबंध अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ साली व जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली मान्य केला, त्यालाही आता बराच काळ लोटला.

बुरशीची जात शोधण्यासाठी महागड्या तपासण्या कराव्यात, असे माझे म्हणणे नाही. डोळ्यांना डाग दिसतो किंवा नाकाला कुबट वास येतो, एवढे निदान पुरेसे आहे. खोकणाऱ्या प्रत्येक मुलाचे घर ओले असते असेही नाही. विषाणूच बहुधा कारणीभूत असतो. परंतु आजोळी नांदेडला गेले की मूल बरे असते आणि परतल्यावर चार दिवसांत घरघरू लागते, असे आई सांगत असेल, तर इन्हेलरची मात्रा वाढवण्यापूर्वी ‘घरात पाणी शिरले होते का, रंग केव्हा दिला, मूल कोणत्या भिंतीशी झोपते’ हे तीन प्रश्न विचारायला एक मिनिटही लागत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा : भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला भिंत दुरुस्त करा म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? आक्षेप खरा आहे, म्हणूनच प्रश्न एकट्या डॉक्टरचा नाही. २०२० साली राज्य शासनाने पूरग्रस्त कुटुंबाला १०,००० रुपये, पूर्ण पडलेल्या घराला एक लाख आणि अंशतः पडलेल्याला ५०,००० रुपये जाहीर केले. उभी राहिलेली पण ओली भिंत त्या हिशेबात नुकसान ठरत नाही. १९०८च्या महापुरानंतर, १९१२ साली, याच शहरात स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्डाने कोंदट वस्त्यांच्या जागी हवेशीर घरे उभारणे हे आपले काम मानले होते. इंग्लंडात रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा आवाब इशाक दगावला. घरातील बुरशीशी दीर्घ संपर्क आल्याने जडलेला श्वसनविकार हे कारण न्यायाधिकाऱ्याने २०२२ साली नोंदवले. त्याचे वडील २०१७ पासून तक्रार करीत होते. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून तेथे लागू झाला असून, सामाजिक गृहसंस्थांना ओलीच्या गंभीर तक्रारी ठरावीक मुदतीत निवाराव्या लागतात.

आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत भाडेकरूच्या हाती एकच कागद देता येतो, तो म्हणजे डॉक्टरांच्या लेटरहेडवरील चार ओळी : या खोलीत दम्याचा बालरुग्ण झोपतो, भिंतीला ओल आहे, गळती दुरुस्त होणे उपचारासाठी आवश्यक आहे. मंडळाने मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत याचा एक नमुना छापून सभासदांना द्यावा, अशी माझी सूचना आहे. पाठीमागच्या बाजूस घरच्यांसाठी थोडे छापावे. मुलाचे अंथरूण ओल्या भिंतीपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत हलवावे. कपाटे भिंतीपासून वीतभर सरकवावीत. ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे अॅसिड एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि रंगापूर्वी प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूस दव जमले, तर रंगाऱ्याला सणानंतर यायला सांगावे.