तीन तोळ्यांचा रेटा

भोपाळ म्हटले की परगावच्या आप्तांना तलाव आठवतात, नाहीतर १९८४ सालची ती काळरात्र. याच शहरात २००५ सालापासून 'इस्रो'चे उपग्रह-नियंत्रण केंद्र आहे, हे येथील मराठी कुटुंबांतही फारसे कोणास ठाऊक नसते. कर्नाटकातील हासनप्रमाणे येथूनही भूस्थिर उपग्रहांवर देखरेख चालते.

भूस्थिर म्हणजे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आपल्या दृष्टीने एकाच जागी ठाण मांडून बसलेले. ही स्थिरता फसवी आहे. सूर्यचंद्रांच्या ओढीने ते जागचे ढळतात आणि त्यांना वारंवार सावरून बसवावे लागते. उत्तर-दक्षिण ढळण्याच्या भरपाईसाठीच वर्षाकाठी सेकंदास सुमारे ५० मीटर इतका वेगबदल खर्ची पडतो. त्यासाठी लागणारे इंधन सरले की यंत्रे धडधाकट असूनही उपग्रह निकामी ठरतो. वात शाबूत असता तेलाअभावी समई विझावी, तसे हे मरण.

विद्युत-प्रणोदनाचे महत्त्व ते यासाठी. झेनॉन या निष्क्रिय वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढून घेतले की ते विद्युतभारित होतात; त्यांना आयन म्हणतात. (ग्रीक भाषेतील 'जाणे' या अर्थाच्या धातूवरून फॅरेडेने हा शब्द १८३४ साली रूढ केला. आपल्या उत्तरायणातील 'अयन' हे त्याचेच दूरचे भावंड. भाषेच्या शिक्षकास एवढे विषयांतर क्षम्य असावे.) सौर पॅनेलांच्या विजेने हे आयन सेकंदास पंधरा-वीस किलोमीटर वेगाने मागे फेकले जातात, उपग्रहावरील रासायनिक इंधनाचे वायू तीन किलोमीटरांच्या आसपासच रेंगाळतात. फेकीचा वेग जितका अधिक, तितके द्रव्य कमी लागते. रेटा मात्र अगदी क्षीण. पृथ्वीवरून उड्डाण करण्यास तो कुचकामी. तेथे अग्निबाणच हवा. धूर नाही, ज्वाळांचा लोळ नाही, तरी यान पुढे सरकते, हे आमच्या विद्यार्थ्यांस पटविणे कठीण जाते. अमेरिकेच्या 'डॉन' यानाचा रेटा तोळाभर वजनाहूनही कमी होता. तरी २००७ साली निघालेले ते यान २०११ मध्ये वेस्टा या लघुग्रहाशी आणि २०१५ मध्ये सेरेसशी पोहोचले व दोहोंभोवती फिरले.

आपल्याकडे 'जीसॅट-४' उपग्रहावर असे प्लाझ्मा-प्रणोदक बसविले होते. १५ एप्रिल २०१० रोजी त्याचा अग्निबाणच अयशस्वी झाला, आणि अवकाशातील परीक्षेपूर्वीच प्रणोदक बंगालच्या उपसागरात गेले. पुढली संधी ५ मे २०१७ रोजी 'जीसॅट-९'बरोबर आली. सात वर्षे! शेजारी राष्ट्रांना दिलेली भेट म्हणून वृत्तपत्रांनी त्या उपग्रहाचे कौतुक केले, ते योग्यच. पण आमच्या मते खरी बातमी त्याच्या पोटात होती.

मार्च २०२५ मध्ये ३०० मिलिन्यूटन शक्तीच्या प्रणोदकाची १,००० तासांची चाचणी पुरी झाल्याचे 'इस्रो'ने जाहीर केले. ३०० मिलिन्यूटन म्हणजे सराफाच्या तराजूतील तीन तोळ्यांचा भार! एवढ्या रेट्यावर उपग्रहाने आपली अंतिम कक्षाही स्वतःच गाठावी, असा बेत आहे. इंधनाचे ओझे घटले की त्या जागी अधिक उपकरणे जातील, अथवा वजनदार उपग्रहांसाठी परदेशी अग्निबाणांना द्यावे लागणारे भाडे तरी वाचेल. 'जीसॅट-११' हा ५,८५४ किलोंचा उपग्रह २०१८ साली दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानाहून सोडावा लागला होता. मात्र रासायनिक इंजिन जी वाटचाल काही दिवसांत उरकते, तिला येथे महिने लागतात. तोवर उपग्रहापासून कमाई नाही आणि नियंत्रण केंद्रातील मंडळींना उसंत नाही.