१०८ चा खर्च कोणी उचलावा?

अफझलगंजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेचे झाड हैदराबादकरांना परिचित आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा या झाडाच्या आधाराने सुमारे दीडशे माणसे बचावली, असे सांगितले जाते. ते झाड आधीपासून तेथे उभे होते, म्हणूनच ऐनवेळी उपयोगी पडले. तातडीच्या सेवेचे अर्थकारणही याहून निराळे नाही. दूरध्वनी घेणारे कर्मचारी, चालक, तंत्रज्ञ, प्राणवायू, नवजात बालकाला ऊब देण्याची सोय हे सारे, कोणी हाक मारो वा न मारो, चोवीस तास सज्ज ठेवावे लागते. मुख्य खर्च असतो तो या सज्जतेचा. तो कोणी उचलावा, याचा विचार आपण हैदराबादकर डॉक्टरांनी अवश्य केला पाहिजे. कारण १०८ सेवेचा उगम येथलाच.

१५ ऑगस्ट २००५ रोजी अविभाजित आंध्र प्रदेशात ही सेवा सुरू झाली, ती सत्यमचे रामलिंग राजू यांच्या पुढाकाराने. पुढे खर्चाचा मोठा भाग शासनाने स्वीकारला. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा गैरव्यवहार उघडकीस आला आणि त्याच वर्षी जीव्हीके समूहाने या संस्थेची धुरा घेतली. संस्थापक गेले, तरी गाड्या धावत राहिल्या. कारण तोवर सेवेचा भार सार्वजनिक तिजोरीवर विसावला होता. दातृत्वाने अशी सेवा सुरू होऊ शकते; टिकते मात्र कराच्या पैशावर.

याला पर्याय सुचवले जातात. पहिला, हाक मारणाऱ्याने पैसे द्यावेत. परंतु तापात आकडी आलेल्या मुलाच्या आईवडिलांनी फोन करण्यापूर्वी खिसा चाचपावा, हे कोणत्या न्यायात बसते? दुसरा, अमेरिकेप्रमाणे प्रत्येक दूरध्वनी जोडणीवर ठराविक आकार लावावा. त्यात हमाल आणि कारखानदार सारखेच पैसे देतात. शिवाय तेथील काही राज्यांनी ९११ साठी जमवलेला पैसा अन्यत्र वळवला. म्हणून २००८ च्या कायद्याने दरवर्षी त्याचा अहवाल काँग्रेसला देणे बंधनकारक केले. आपल्याकडेही ग्रामीण दूरसंचारासाठी २००२ पासून उभारलेल्या निधीतील मोठी रक्कम वर्षानुवर्षे पडून राहिली. तिसरा पर्याय, रुग्ण ज्यांच्याकडे पोहोचतात त्या खाजगी रुग्णालयांनी वाटा द्यावा. हा मला सर्वांत घातक वाटतो. जो पैसे देईल त्याच्या दाराशी गाडी वळेल, आणि 'कट प्रॅक्टिस'ला राजमान्यता मिळेल.

तेव्हा हा भार करातूनच उचलला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९६ साली पश्चिम बंगालमधील शेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तातडीचे उपचार हा जीविताच्या हक्काचा भाग असून पैशाच्या अभावाची सबब शासनाला सांगता येणार नाही. अप्रत्यक्ष कर गरीबही भरतो, हे खरे. म्हणूनच २०१८ पासून आयकरावर असलेल्या ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकराकडे पाहावे. तो उत्पन्नाच्या प्रमाणात वाढतो. परंतु केंद्राकडेच राहतो, राज्यांच्या वाट्यात येत नाही. त्यातील निश्चित हिस्सा राज्यांच्या तातडीच्या सेवेसाठी राखून ठेवावा.

करावर चालणारी सेवा शासनाच्या लहरीवर जाते, हप्ते रखडतात, पगार थकतात, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे स्वतंत्र खाते, ठरलेल्या तारखेचा हप्ता आणि फेऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर सज्जतेवर मोबदला. फेऱ्या मोजून पैसे दिले, तर फेऱ्याच वाढतील. रात्री वस्तीजवळ सज्ज उभी असलेली गाडी मात्र कागदावर 'रिकामी' ठरेल. याखेरीज फोन आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंत किती मिनिटे लागली, याचे विभागवार आकडे जाहीर व्हावेत.

आपल्या संघटनेने हे आकडे दरवर्षी शासनाकडे मागावेत आणि रुग्ण आणणाऱ्या कोणत्याही गाडीला दलाली न देण्याचा ठराव स्वतःपुरता आधी करावा. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याची स्वतःची वही स्वच्छ असावी, एवढेच.