रक्तातला उद्योग आणि पाटातले पाणी

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका व्याख्यानमालेत नुकताच एका विद्वान गृहस्थांनी असा सिद्धान्त मांडला की, मराठी माणसाच्या प्रकृतीतच उद्योग नाही. नोकरी हे त्याचे दैवत, नफा हे त्याच्या लेखी पातक आणि कर्ज हे लग्नाचा मांडव घालण्याचे साधन. उलट मारवाडी-गुजराती मूल म्हणे खतावणी काखेत मारूनच जन्मास येते. टाळ्या पडल्या, आणि ज्यांची निंदा झाली त्यांनीच त्या अधिक जोराने वाजविल्या.

लग्नखर्चाचा आक्षेप तर अगदीच शिळा. 1875 च्या मे महिन्यात सुपे येथे (हे सुपे पुणे जिल्ह्यातले, आपल्या पारनेरचे नव्हे) कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि ते लोण पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या आपल्या तालुक्यांत पसरले, तेव्हाही ‘कुणबी लग्नात उधळतो’ हेच पालुपद चालू होते. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नखर्चाला फाजील महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा दिला. परकीय अंमलदारांना जे दप्तर चाळून उमगले, ते दीडशे वर्षांनंतर स्वकीय पंडितास उमगू नये, हे नवल खरे.

परंतु माझा मुख्य आक्षेप रक्तावर आहे. प्रकृती रक्ताची असेल तर ती जिल्हाभर सारखी असावयास हवी. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाट संगमनेर-श्रीरामपूरच्या शिवारांतून वाहू लागले, आणि त्या पाण्यामागे सासवडकडचा माळी आला. त्याने खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, आणि त्याच्याच भाऊबंदांनी पुढे अकलूजजवळ माळीनगरला स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना काढला. हा माळी मराठीच बोलतो आणि लग्नेही थाटातच करतो! त्याच पाटपाण्याच्या टापूत लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 साली गावात सहकारी पतपेढी उभी केली, आणि शेतकऱ्यांकडून भाग गोळा करीत, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांना अध्यक्षस्थानी बसवून, 1950-51 च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्यात गाळप सुरू केले. आता याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मराठीच बोलणारा आणि खंडोबालाच भजणारा पाथर्डीचा कोरडवाहू शेतकरी पाहा. दसरा सरला की मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतात, पोरे आणि भांडीकुंडी गाडीत घालून परमुलखात कोपी ठोकतात, थंडीत पहाटेपासून ऊस तोडून मोळ्या बांधतात. आणि एवढे करूनही उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या सालावर चढते. जोखीम पत्करणे हे उद्योजकाचे लक्षण म्हणून त्या व्याख्यानात सांगितले गेले. अंगावर घेतलेल्या पैशाच्या बदल्यात पुरे सहा महिने आपले आणि बायकोचे शरीर गहाण टाकणाऱ्या या माणसाहून अधिक जोखीम पत्करणारा जिल्ह्यात दुसरा कोण आहे, हे गृहस्थांनी सांगितले असते तर बरे झाले असते. पण शाल-श्रीफळ घेऊन ते मुक्कामी गेले.

राहिले व्यापारी रक्त. त्या समाजातला पोरगा मामाच्या गादीवर मुनीमकी करीत हिशेब शिकतो, सोयरे त्याला उधारीवर माल देतात, आणि दुकान बुडाले तर दुसऱ्या गावी पुन्हा थाटून देतात. ही पत होय, आणि पत पिढ्यान्‌पिढ्या जमवावी लागते. शिवाय याच समाजातल्या ज्या घराण्याने ‘लुना’ मोपेड रस्त्यावर आणली त्या नगरच्या फिरोदियांकडे आधी वकिली होती. कुंदनमल फिरोदिया तर मुंबई विधानसभेचे सभापती झाले. तिथे वकिलीने रक्त नासले नाही, मग आमच्याच कारकुनीने ते कसे नासते?

फार पूर्वी एका निराळ्या महाशयांशी माझा वाद झाला होता, त्याची येथे आठवण होते. सहकारी कारखान्यांना सरकारने भागभांडवल दिले, सबब तो उद्योग नव्हे, दानधर्म होय, असे त्यांचे म्हणणे. या न्यायाने बँकेच्या कर्जावर उभी राहिलेली प्रत्येक गिरणी भिक्षांदेहीच म्हणावी लागेल. सहकारात पुढे ज्या सुभेदाऱ्या माजल्या त्यांचे समर्थन मी तेव्हाही केले नव्हते. पण तो निराळा मुद्दा.

माझे मंडन थोडके आहे. पाणी, स्वस्त पत आणि एकदा बुडाल्यावर पुन्हा उभे राहण्याची मुभा, एवढे मिळाले की उद्योगाला जात लागत नाही. नोकरीचा तिटकाराही कशाला? पारनेर-अकोल्याच्या किती विहिरी मुंबईच्या मनिऑर्डरींवर खणल्या गेल्या! उचलीच्या जागी गावच्या सोसायटीने हंगामापूर्वी माफक व्याजाने कर्ज द्यावे आणि फेड दोन-तीन सालांवर वाटून द्यावी. त्या पैशात शेळ्या घ्याव्यात, पिठाची गिरणी घालावी की बैलजोडी बदलावी, हे पाथर्डीच्या कोयत्याला समजावून सांगण्यासाठी कोणी व्याख्याता मात्र पाठवू नये.