अडखळणारी चित्रफीत, अडखळणारा पुरावा

मोबाइलवर सुरळीत दिसणारी चित्रफीत संगणकावर उघडताच अडखळू लागते. आवाज पुढे जातो, चित्र मागे राहते. कधी पडदाच काळा पडतो आणि केवळ संवाद ऐकू येतात. लग्नसमारंभाच्या चित्रणापुरता हा अनुभव मर्यादित होता, तोवर त्याकडे तांत्रिक कटकट म्हणून दुर्लक्ष करणे परवडत होते. १ जुलै २०२४ पासून देशात लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी या कटकटीचे स्वरूप पालटले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीच्या कारवाईचे दृक्श्राव्य चित्रण करणे बंधनकारक असून ते शक्यतो मोबाइलवर करावे, असे कायदाच सांगतो. हे चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावयाचे आहे. मोबाइलची चित्रफीत अशा रीतीने थेट न्यायव्यवस्थेच्या टेबलावर येऊन पोहोचली आहे. मात्र त्या टेबलावरचा संगणक ती नीट दाखवू शकतो का, या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते.

बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक हे या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण मानता येईल. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकणारा ऊस, त्या उसावर उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि ग्रामपंचायतीची झालेली नगरपंचायत, असा या गावाचा प्रवास आहे. कारखान्याच्या संचालक मंडळाची जून २०२५ मधील निवडणूक राज्यभर गाजली. सहकारातील अशा चुरशीच्या गावांत सभेतील वादावादी, वजनकाट्यावरची तक्रार, कालव्याच्या पाळीवरून उद्भवलेला तंटा किंवा अतिक्रमणाचा वाद, यांतले पुष्कळसे आता कुणा ना कुणाच्या मोबाइलमध्ये टिपले जाते. शासनानेही मोबाइलला नोंदवहीचे स्थान दिले आहे. राज्यात २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी उभ्या पिकाचे छायाचित्र मोबाइलवरूनच नोंदवतो. खिशातला मोबाइल दोन-तीन वर्षांत बदलला जातो. सरकारी कार्यालयातील संगणक मात्र एकदा बसला की वर्षानुवर्षे तेथेच असतो. चित्रफीत अडखळते ती या दोहोंमधल्या अंतरामुळे.

अडथळ्यामागचे गणित

पूर्ण उच्च दर्जाच्या चित्राच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. ज्याला फोर-के म्हटले जाते, त्या दर्जाच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८२ लाख ९४ हजार. सेकंदाला ६० फ्रेम या वेगाने फोर-के चित्रण केले, तर संगणकाला दर सेकंदाला जवळपास ५० कोटी बिंदू रंगवावे लागतात. पूर्वीच्या ३० फ्रेमच्या उच्च दर्जाच्या चित्रणाच्या तुलनेत हे काम आठपट आहे. एक फ्रेम तयार करण्यास हाती असतात जेमतेम १७ सहस्रांश सेकंद. तेवढ्यात काम उरकले नाही की ती फ्रेम गाळली जाते आणि पाहणाऱ्याला झटका बसल्यासारखे वाटते.

एवढी माहिती जशीच्या तशी साठवणे शक्य नसल्याने मोबाइल तिचे शंभरपटीहून अधिक आकुंचन करतो. त्यासाठी २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. २०१३ मध्ये तिची उत्तराधिकारी एचईव्हीसी, अर्थात एच.२६५, आली. तितक्याच दर्जाचे चित्र ही पद्धत साधारण निम्म्या जागेत बसवते. परंतु घडी जितकी बारीक, तितकी ती उलगडण्याची मेहनत अधिक. मोबाइलमध्ये या कामासाठी स्वतंत्र मंडल असते, म्हणून तेथे चित्र अडखळत नाही. इंटेलच्या प्रोसेसरांपुरते बोलायचे, तर २०१५ च्या सहाव्या पिढीपासून एचईव्हीसी उलगडण्याची सोय आली आणि अधिक रंगछटांच्या दहा-बिट चित्रणाची सोय त्यानंतरच्या सातव्या पिढीत. त्याआधीच्या संगणकात हे सारे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते आणि तो त्याखाली दबतो.

या प्रश्नाची तीव्रता २०१७ पासून वाढली. त्या वर्षी आलेल्या आयओएस ११ या प्रणालीने आयफोन ७ आणि त्यापुढील मोबाइलमध्ये एचईव्हीसी हीच चित्रणाची प्रमुख पद्धत केली. अँड्रॉइड मोबाइलच्या अनेक उत्पादकांनीही पुढे ती सोय दिली. जागा वाचवणाऱ्या या निर्णयाची किंमत चित्रफीत दुसऱ्याच्या संगणकावर नेताना मोजावी लागते, हे ग्राहकाला कुणी सांगितले नाही.

पेटंटांचे जाळे

यंत्राची ताकद हे कारणाचे केवळ अर्धे अंग होय. एचईव्हीसीवरील पेटंटे असंख्य कंपन्यांकडे विखुरलेली आहेत आणि त्यांचे शुल्क वसूल करणारे एकाहून अधिक गट गेल्या दशकात उभे राहिले. परिणामी शुल्काचा हिशेब गुंतागुंतीचा झाला. विंडोज प्रणालीत २०१७ पासून एचईव्हीसीचा विस्तार वेगळा घ्यावा लागू लागला. अमेरिकेत त्याची किंमत ९९ सेंट ठेवण्यात आली. रक्कम क्षुल्लक असली, तरी कार्यालयातील संगणकावर ती कोणी, कोणत्या शीर्षाखाली भरायची, हा प्रश्न क्षुल्लक नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर एचपी आणि डेल या कंपन्यांनी आपल्या काही लॅपटॉपांत, प्रोसेसरमध्ये मुळात असलेली एचईव्हीसी उलगडण्याची सोयच बंद ठेवल्याचे उघड झाले. नवा संगणक घेतला की प्रश्न सुटेल, हा समजही त्यामुळे पुरता खरा राहिलेला नाही.

याला पर्याय म्हणून २०१५ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, मोझिला, नेटफ्लिक्स आदी कंपन्यांनी एकत्र येऊन शुल्कमुक्त पद्धतीचा ध्यास घेतला आणि २०१८ मध्ये एव्ही१ ही पद्धत जाहीर झाली. महाजालावरील चित्रफितींत तिचा वापर वाढला आहे. मोबाइलचे कॅमेरे मात्र प्रामुख्याने एच.२६४ वा एचईव्हीसी याच पद्धतींत चित्रण करतात.

निदान आधी, उपाय नंतर

चित्रफीत अडखळली की ती खराब झाली, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वास्तविक लक्षणांवरून कारण ओळखणे फारसे अवघड नाही. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबत असतील, तर माहितीचा पुरवठा अपुरा आहे, असे समजावे. केबलने जोडलेल्या मोबाइलमधून किंवा जुन्या पेन ड्राइव्हवरून चित्रफीत थेट पाहिल्यास असे घडते. ती आधी संगणकाच्या डिस्कवर उतरवून घेतली की हा दोष बहुधा नाहीसा होतो. आवाज अखंड आणि चित्र तुटक असेल, तर उलगडण्याचे काम प्रोसेसरला झेपत नाही. आवाज येतो पण पडदा काळा राहतो, तेव्हा आवश्यक कोडेक उपलब्ध नसण्याची शक्यता अधिक. पाहताना सारे ठीक, पण संपादन करताना ओठ आणि आवाज यांची फारकत होते, तेथे कारण निराळे असते. कमी प्रकाशात वा यंत्र तापल्यावर मोबाइल फ्रेमचा वेग बदलत राहतो आणि संपादनाच्या अनेक आज्ञावली वेग स्थिर आहे असे गृहीत धरून चालतात.

खात्री करून घेण्याचे साधन विंडोजमध्येच आहे. चित्रफीत सुरू असताना टास्क मॅनेजर उघडून मुख्य प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स विभागातील व्हिडिओ डिकोडचा आलेख पाहावा. पहिला शंभर टक्क्यांजवळ आणि दुसरा शून्यावर असेल, तर संगणकातील विशेष मंडल एक तर अस्तित्वात नाही, किंवा असून वापरले जात नाही. दुसऱ्या शक्यतेवर उपाय साधा आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि व्हीएलसीसारखा विनामूल्य प्लेअर वापरून त्याच्या इनपुट-कोडेक विभागातील हार्डवेअर डिकोडिंगचा पर्याय सुरू करावा. व्हीएलसीमध्ये एचईव्हीसी उलगडण्याची सोय अंगभूत असल्याने काळ्या पडद्याची तक्रारही बहुधा मिटते.

संगणकच जुना असेल, तर चित्रफितीचे रूपांतर करण्यावाचून गत्यंतर नाही. हँडब्रेक ही विनामूल्य आज्ञावली फोर-के चित्रफीत पूर्ण उच्च दर्जाच्या एच.२६४ मध्ये, स्थिर फ्रेमवेगासह बदलून देते. यापुढील चित्रणासाठी आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय आहे. अनेक अँड्रॉइड मोबाइलमध्येही ‘हाय एफिशियन्सी’ बंद करता येते. याची किंमत जागेत मोजावी लागते. आयफोनवर एचईव्हीसीत मिनिटाला साधारण ६० एमबी घेणारे ३० फ्रेमचे उच्च दर्जाचे चित्रण एच.२६४ मध्ये सुमारे १३० एमबी घेते. तरीही तक्रारीचा पुरावा म्हणून टिपावयाच्या दृश्याला फोर-केचा सोस कशासाठी, याचा विचार चित्रण करणाऱ्याने करायला हवा.

रूपांतराचा धोका

घरगुती चित्रणासाठी रूपांतराचा सल्ला निर्धोक आहे. पुराव्याच्या बाबतीत तोच घातक ठरू शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात संबंधित फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील प्रत्येक अंशावरून गणिताने काढलेली खूण. चित्रफीत दुसऱ्या पद्धतीत बदलली की पाहणाऱ्याला दृश्य तेच दिसते, पण ही खूण पूर्णतः बदलते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या मार्गाने पाठवलेल्या चित्रफितीचेही तेच होते, कारण पाठवताना तिचे पुन्हा आकुंचन केले जाते. अडखळते म्हणून रूपांतर केले आणि मूळ फाइल पुसून टाकली, तर सुरळीत दिसणारी चित्रफीत हाती उरते. तिची विश्वासार्हता मात्र वादात सापडते.

चित्रफितीच्या पुराव्याला किती महत्त्व येऊ शकते, हे महाराष्ट्राने जालन्याच्या खटल्यात पाहिले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदत उलटल्यानंतर स्वीकारले गेले, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि त्याचा आधार होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळताना मूळ यंत्र हजर केले नसल्यास प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. मात्र सर्व प्रयत्न करूनही ते मिळू न शकलेल्या पक्षकाराला सवलत दिली. हा निकाल तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब वर होता. नव्या अधिनियमाने प्रमाणपत्राची अट कायम ठेवून तीत हॅश मूल्याची भर घातली.

या पार्श्वभूमीवर नागरिकांसाठी नियम सोपा आहे. मूळ फाइल मोबाइलमध्ये अबाधित ठेवावी, तिची प्रत केबलने उतरवावी, पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी आणि पाहण्याच्या सोयीसाठी केलेले रूपांतर निराळ्या नावाने जपावे. रूपांतरित प्रत दाखवण्यासाठी, मूळ प्रत सिद्ध करण्यासाठी, हा भेद वकिलांनी आणि पोलिसांनीही कसोशीने पाळायला हवा.

धोरण आहे, अंमल कुठे?

ही सारी जबाबदारी नागरिकांच्या माथी मारून शासनाला मोकळे होता येणार नाही. केंद्र सरकारने २०१० मध्येच ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. शासकीय माहिती स्वामित्वशुल्काच्या अटींत अडकू नये, हाच त्याचा आशय होता. कायद्याने मोबाइलवरील चित्रण बंधनकारक केले, तेव्हा ते कोणत्या पद्धतीत असावे आणि ते पाहणाऱ्या संगणकाची किमान क्षमता काय असावी, हे त्याच धोरणाच्या प्रकाशात ठरवणे क्रमप्राप्त ठरते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. त्यामुळे कार्यालयांना जुने संगणक आज ना उद्या बदलावेच लागणार आहेत. त्या खरेदीच्या निविदेत दहा-बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ उलगडण्याची क्षमता ही एक ओळ घातली, तरी पुष्कळ काम होईल. तोवर प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि सहकार खात्याच्या कार्यालयात किमान एक सक्षम संगणक आणि तो हाताळणारा प्रशिक्षित कर्मचारी असणे, ही अवाजवी अपेक्षा म्हणता येणार नाही. माळेगावसारख्या गावात अभियांत्रिकी महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. अशा प्रशिक्षणासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याची आवश्यकता नाही.

सामान्य माणसाने धाडस करून एखादा प्रसंग टिपायचा, तो अर्ज लिहून कार्यालयात द्यायचा आणि तेथे ‘चित्रफीत चालत नाही’ या तीन शब्दांवर प्रकरण अडून राहायचे, हे तंत्रज्ञानाचे नव्हे, प्रशासनाचे अपयश ठरेल. कागदाच्या काळात अर्ज मोडी लिपीत आला, तर सरकार तो वाचणारा माणूस नेमत असे. नव्या काळातील लिपी वाचण्याची सोय करणे, हेही त्याच परंपरेतले कर्तव्य आहे.