घोणस अळीचा व्हिडिओ: अळी खरी, मृत्यूही खरे, कारण मात्र वेगळेच

सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरला. कपाशीवर नवी विषारी अळी आली आहे, ती चावली की पाच मिनिटांत माणूस दगावतो, असा मजकूर. सोबत काटेरी अळीचा फोटो आणि शेतात पडलेल्या मृतदेहांचे फोटो. त्या दिवसांत धामणगाव रेल्वे भागात पऱ्हाटीला पात्या-फुलं लागलेली असतात, बोंडं धरत असतात, सोयाबीन सोंगणीकडे निघालेलं असतं. निंदणाला बाया हव्या असतात. अशा वेळी आलेल्या निरोपाचा पहिला फटका मजुरीला बसतो: ज्यांचं पोट रोजीवर आहे त्यांनी शेतात उतरायचं की नाही, असा प्रश्न उभा राहतो.

निरोपातले मृतदेह खरे होते. पण ते जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात वीज पडून दगावलेल्यांचे होते. अळीचा फोटोही खरा होता. खोटा होता तो दोन्हींना जोडणारा धागा, आणि तो धागा फोटोत कुठे नव्हताच, खालच्या दोन ओळींच्या मजकुरात होता. शेतीतले बहुतेक फसवे व्हिडिओ असेच असतात. पूर्ण बनावट कमी, खऱ्या चित्राला भलतंच कारण चिकटवलेले जास्त.

आता अळीबद्दल. इंग्रजीत तिला स्लग कॅटरपिलर म्हणतात, कारण ती गोगलगायीसारखी सरपटते. ही एका पतंगाची अळी. एरंडी, आंबा, नारळ, चहा, शिवाय धुऱ्यावरचं गवत अशा अनेक वनस्पतींवर तिच्या जाती आढळतात. म्हणजे ती काही त्या वर्षी आभाळातून पडली नव्हती. पावसाळ्यात, विशेषतः परतीच्या पावसाच्या दिवसांत, ती जास्त नजरेस पडते. कपाशीची ती मुख्य कीड नाही.

ती चावत नाही. अंगावरचे काटे पोकळ असतात, त्यांच्या मुळाशी विषग्रंथी असतात. स्पर्श झाला की काटे कातडीत मोडतात आणि आग होते. सूज, लाल चट्टे, खाज येते. बहुतेकांना काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आराम पडतो. त्या वर्षी बीड, सोलापूरकडच्या काही शेतकऱ्यांना तीव्र वेदनांमुळे दवाखान्यात जावं लागलं, त्यामुळे ‘काहीच होत नाही’ असंही म्हणू नये. चिकटपट्टी त्या जागी हलक्या हाताने लावून ओढली की मोडलेले काटे निघतात. मग साबणाच्या पाण्याने धुवावं, बर्फ लावावा, खाण्याच्या सोड्याचा लेप द्यावा. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी, किंवा श्वास लागला, चेहरा सुजला, तर वाट न पाहता डॉक्टरकडे जावं.

नावानेही घोळ घातला. घोणस म्हणजे आपल्याकडचा जहाल विषारी साप. ते नाव अळीला लागलं आणि अर्धी भीती तिथेच तयार झाली. याचा उलटा धोका मला जास्त वाटतो. तुरीच्या ओळीत किंवा धुऱ्यावर कोणाच्या पायाला काही डसलं, दिसलं नाही, आणि सोबतच्यांनी ‘अळीच असेल’ म्हणून सोडा लावत बसवलं तर? दाताच्या खुणा, वाढत जाणारी सूज, हिरड्यांतून किंवा जखमेतून न थांबणारं रक्त, पापण्या जड होणं, यांपैकी काहीही दिसलं की तो साप समजायचा आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं. खुणा स्पष्ट नसल्या आणि शंका असली तरी तेच.

वीजही या निरोपामागे झाकली गेली. ज्या फोटोने लोकांना वीज पडण्यापासून सावध करायला हवं होतं, त्याने अळीची भीती घातली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपासच्या विजांचा इशारा देतं. ते गावात निदान ज्यांच्याकडे मजूर कामाला येतात त्यांच्या फोनमध्ये असावं. गडगडाट ऐकू आला की विळा, कुदळ, पंप खाली ठेवून पक्क्या घरात जावं. एकट्या झाडाखाली थांबू नये.

तिसरी गोष्ट फवारणीची. भीतीचा व्हिडिओ पाहिला की पुढचा प्रश्न ‘कोणतं औषध मारू?’ हाच असतो. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान २० शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याएवढी दाट पऱ्हाटी, औषधांची मिश्रणं, तोंडाला साधा रुमाल. अळीने माणसं मेल्याचा पुरावा नाही. औषधाने मेल्याचा आपल्या शेजारी आहे. फवारणीचा निर्णय आकड्यावर होतो. गुलाबी बोंडअळीचंच घ्या: कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा फुलं-बोंडांत ५ ते १० टक्के प्रादुर्भाव, ही आर्थिक नुकसानीची पातळी. एका अळीच्या फोटोला अशी कोणतीच पातळी नसते. धुऱ्यावर चार-दोन घोणस अळ्या दिसल्या तर काडीने उचलून साबणाच्या पाण्यात टाकल्या, पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, गवत कापताना हातमोजे वापरले, एवढं पुरतं.

त्याच महिन्यांत लम्पीबद्दलही असंच झालं. गाठी आलेल्या जनावरांचे व्हिडिओ खरे होते. ‘दूध पिऊ नका, माणसाला होतो’ ही जोड खोटी होती. लम्पी जनावरांकडून माणसाला होत नाही, तो माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत गुरांत पसरतो. निरोप मात्र दूधवाल्याच्या पोटावर येतात.

मग आलेला प्रत्येक व्हिडिओ खोटा मानायचा का? तसंही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच धामणगाव रेल्वे तालुक्यात, मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी भागात, वाघाने दोन माणसं मारली. चंद्रपूरकडून चालत आलेला तो वाघ पुढे मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सारणीला डिसेंबरमध्ये पकडला गेला. त्याआधी कोणी ‘आपल्या कपाशीत वाघ’ म्हटलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं. ‘आपल्याकडे असं होत नाही’ ही कसोटी म्हणून कामाची नाही. आता तर एआयने घराच्या ओसरीवर बसलेला बिबट्याही मिनिटभरात तयार होतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

चित्रातच काही गोष्टी शोधाव्यात. अळी कोणत्या पानावर आहे, पान कपाशीचं आहे का? प्राणी आणि माणसाला झालेली इजा एकाच चौकटीत दिसते की दोन वेगळे फोटो शिवलेत? गाव, तारीख, दवाखाना यांपैकी एक तरी पडताळता येतं का? गुगल लेन्समध्ये फोटो टाकला की तो आधी कुठे छापला गेला ते पुष्कळदा सापडतं. वाघ-बिबट्याचं असेल तर आधी वनरक्षकाला फोन करावा, मग गटावर टाकावं.

किडीचं असेल तर सहायक कृषी अधिकारी, घातखेड किंवा दुर्गापूरचं कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नाहीतर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१. विचारताना फिरून आलेला व्हिडिओ पाठवू नका, त्यावरून कोणालाच निदान करता येत नाही. आपल्याच शेतातले तीन फोटो काढा: अळीचा जवळून, खाल्लेल्या पानाचा दोन्ही बाजूंनी, आणि पूर्ण झाडाचा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. किती झाडं पाहिली, त्यातल्या किती झाडांवर अळी दिसली, ते आकड्यात लिहा. अळी हाताने धरू नका. काडीने उचलून छिद्रं पाडलेल्या डबीत, खात होती त्याच पानासकट ठेवा.